जावयाच्या भाषेतलं भांडण

"येतोय ना, येऊ दे," काकू म्हणाल्या आणि इस्त्री कॉलरवर अशी दाबली की शर्टात माणूस असता तर किंचाळला असता. "अशी खरडपट्टी काढते की जन्मभर लक्षात ठेवील. आणि त्याच्याच भाषेत काढते. मध्ये दुभाषी नको, कुणी नको. मी आणि तो."

हे त्या कुणाला म्हणाल्या, असं विचाराल तर सगळ्यांनाच. कपडे टाकायला येणाऱ्याला, कपडे न्यायला येणाऱ्याला, समोरच्या घड्याळवाल्याला आणि पत्ता विचारायला थांबलेल्या एका परक्या माणसालासुद्धा. काकूंचं इस्त्रीचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मध्ये ब्लँकेटच्या चार घड्या घालून वर जुनी चादर ताणलेलं टेबल, भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे, आणि आतल्या दाराशी खुर्चीवर काका. काका चिठ्ठ्या लावतात, गठ्ठे बांधतात आणि बोलत नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी फारसं बोलून पाहिलेलं नाही, कारण काकूंच्या नाकावर कायम राग असतो आणि काकांचा स्वभाव मुळात भित्रा.

आता या जावयानं असं काय केलं होतं, तेही सांगायला हवं. काकूंची एकुलती एक मुलगी दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरदेशी गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली. ते काकूंनी गिळलं. तिला मुलगी झाली, तेही फोनवरच कळलं. तेही गिळलं. पण नात चार वर्षांची झाली तरी तिला आपल्या भाषेचा गंध नाही, हे काही काकूंच्या घशाखाली उतरेना. दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर नात यायची, आईनं ढकलल्यावर "नमस्कार आजी" एवढे दोन शब्द दंड भरल्यासारखे भरायची आणि खुर्चीवरून घसरून पसार व्हायची. मग काकू त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायच्या. सलग दोन वर्षं दर रविवारी काकूंनी एक रिकामी खुर्ची बघितली होती. अशा वेळी दुसऱ्या कुणाला रडू आलं असतं. काकूंना जिथे रडू यायला हवं तिथे राग येतो, ही त्यांची जुनी खोड.

आणि दोष कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मुलगी आपली, आपल्या हाताखाली वाढलेली, ती कशाला असं करेल? हे सगळं त्या गोऱ्यागोमट्या, सदा हसऱ्या, दिसेल त्याला मान लववणाऱ्या जावयाचं काम. घरात माझीच भाषा चालेल, असं त्यानं बजावलं असणार. वरून गोड आणि आतून पक्का.

म्हणून मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काकू जावयाची भाषा शिकायला बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच राहिल्या, कारण सकाळी नऊ ते एक टेबलापाशी उभं राहायचं, हात कामात आणि कान रिकामे. फोनमध्ये धडे होते, एकशेवीस. एक गोड आवाजाची बाई वाक्य म्हणायची, थांबायची, मग काकूंनी म्हणायचं. बाई म्हणायची, आज हवा छान आहे. काकू बाही उलटी करत म्हणायच्या, आज हवा छान आहे. बाई म्हणायची, स्टेशन डावीकडे आहे. काकू कफवर पाणी मारत म्हणायच्या, स्टेशन डावीकडे आहे. दोन वर्षांत त्यांनी बाईची वाक्यंच नव्हे, तिचा तो लाडिक, हेलकावे खाणारा सूरही जसाच्या तसा उचलला. गिऱ्हाइकं दारात उभी राहून बघायची. एरवी "परवा या, मरायला वेळ नाहीये मला" असं म्हणणाऱ्या काकू इस्त्री फिरवत एखाद्या परीसारख्या बोलताहेत, हा चमत्कार बघायला माणसं मुद्दाम एक-एक शर्ट घेऊन यायला लागली.

गिऱ्हाइकांत एक डॉक्टरीणही होती. जवळच्या दवाखान्यात मेंदूच्या वॉर्डात काम करायची आणि आठवड्याला सहा पांढरे कोट टाकायची.

"काकू, कमाल आहे तुमची," ती एकदा म्हणाली. "या वयात नवी भाषा."

"या वयात म्हणजे कुठल्या वयात?"

डॉक्टरणीनं विषय जरा आवरता घेतला. "तसं नव्हे. लहान मुलाला भाषा शिकावी लागत नाही, नुसत्या सहवासानं लागते ती. मोठ्या माणसाच्या डोक्यात आधीच एक भाषा घर करून बसलेली असते. नवा शब्द दारात आला की आधी तिच्यापुढे हजर व्हायचं, तिनं चौकशी करायची, मग आत सोडायचं. म्हणून वेळ लागतो."

"म्हणजे माझ्या डोक्यात माझी सासू बसलीय म्हणा की," काकू म्हणाल्या. तेव्हापासून एखादं वाक्य आठवलं नाही की त्या डोक्यातल्या सासूचा उद्धार करायच्या, आणि एकदा सुरू झाल्या की खऱ्या सासूपर्यंत जाऊन पोचायच्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. एकशेवीस धड्यांत भांडणाचा धडाच नव्हता. हवापाणी होतं, स्टेशन होतं, कुटुंबाची ओळख होती, फळांची नावं होती, पण निर्लज्ज, आगाऊ, आतल्या गाठीचा, असा एकही उपयोगाचा शब्द नव्हता. त्या देशातली माणसं एकमेकांना शिव्या न देता जगतात तरी कशी, हे काकूंना कळेना. शेवटी धडा एकसष्टमध्ये त्यांना घबाड सापडलं. धड्याचं नाव, हॉटेलमध्ये तक्रार नोंदवणे. माफ करा, मला एक तक्रार नोंदवायची आहे. माझ्या खोलीतील दिवा लागत नाही. कृपया त्वरित दुरुस्ती करून द्या. मला व्यवस्थापकांशी बोलायचे आहे. सबंध अभ्यासक्रमात आवाज चढवायला एवढीच काय ती जागा. काकूंनी दिवा काढला, तिथे नात घातली, आणि ते वाक्य चार महिने घोटून घोटून इतकं धारदार केलं की आता नुसतं जावयाच्या अंगावर टाकायचं बाकी होतं.

आणि तो दिवस उजाडला. मुलगी, जावई आणि नात आठ दिवसांसाठी आली. दुपारी बाराला टॅक्सी दाराशी थांबली. काकू हात पुसत बाहेर आल्या. जावई दोन्ही हातांत दोन अवजड बॅगा घेऊन पायरीवर उभा, तोंडभर हसू, मान लववलेली. काकूंनी ठरवलं होतं की पहिलं वाक्य सभ्यपणाचं टाकायचं, आपल्याला भेटून आनंद झाला, म्हणजे तो गाफील राहील. त्यांनी तोंड उघडलं.

काही नाही. दोन वर्षांचा अभ्यास जणू कुणी ओल्या फडक्यानं पुसून काढला होता. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकांनी घसा खाकरला. काकूंच्या कानशिलांवर घाम आला, आणि अखेर कुठून तरी एक वाक्य हाती लागलं, ते त्यांनी आहे तसं फेकलं.

"स्टेशन डावीकडे आहे."

जावयाचं हसू मावळलं. दारात पाऊल टाकायच्या आत सासूबाई स्टेशनची वाट दाखवताहेत म्हटल्यावर कुणाचंही मावळेल. त्यानं बॅगा खाली ठेवल्या नाहीत. उलट हळूच डावीकडे वळून बघितलं. मुलगी घाईघाईनं त्याला काहीतरी समजावायला लागली, काका एक बॅग त्याच्या हातातून ओढायला लागले, तो ती सोडेना, आणि या ओढाताणीत बॅगेचं चाक काकूंच्या पायावरून गेलं. त्यावर काकू जे बोलल्या त्यासाठी त्यांना एकही शब्द आठवावा लागला नाही, पण ते सगळं आपल्या भाषेत होतं. नात आईच्या मागे लपली.

पुढचे दोन दिवस काकूंच्या जिवाची नुसती लाही लाही झाली. जेवायला बसलं की समोर जावई, हाताच्या अंतरावर, आणि तोंडात दातखीळ. स्वयंपाकघरात एक शब्द फुटेना. नातीला जवळ बोलवायचं तर शब्द नाही; हातानं खुणा केल्या की ती खुणांकडे बघायची, मग आईकडे बघायची आणि निघून जायची. रविवारी फोनवर घसरायची तशीच, फक्त आता समोरासमोर. काकूंनी मेंदूच्या सासूला इतकी दूषणं दिली की मुलीला वाटलं आई आपल्या आजीबद्दलच बोलतेय, आणि तिनं आईला समजावलं की गेलेल्या माणसाबद्दल इतकं मनात ठेवू नये. त्यावरून मायलेकींचं एक वेगळंच वाजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू संतापून टेबलाशी उभ्या राहिल्या. इस्त्री तापली, हातात आली, पहिली बाही पसरली आणि तोंडून सवयीनं निघालं, "आज हवा छान आहे."

"नाही," मागून आवाज आला. "आज फार ऊन आहे."

नात दारात उभी होती. आणि तिनं जे म्हटलं ते काकूंना कळलं. इस्त्री फिरवतच त्यांनी विचारलं, "तुला उन्हात खेळायला आवडते काय?" नात म्हणाली, आवडतं, पण टोपी आवडत नाही. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे लाल रंगाची टोपी आहे." ती नव्हती, पण धड्यात होती. नात चादरींच्या गठ्ठ्यावर चढून बसली आणि टोपी कुठाय म्हणून विचारायला लागली. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी इस्त्री उभी ठेवली, तिला कवेत घ्यायला धावल्या, तोंड उघडलं आणि पुन्हा ठणठणगोपाळ. शब्द नाहीत. नात थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग कंटाळून गठ्ठ्यावरून घसरली.

दुपारी डॉक्टरीण कोट न्यायला आली, तेव्हा काकूंनी तिला जवळजवळ धारेवरच धरलं.

"असं होतं काकू," ती म्हणाली. "मेंदू नुसता शब्द साठवत नाही, आजूबाजूचं सगळं त्याला चिकटवून ठेवतो. वाफेचा वास, हातातलं वजन, उभं राहणं. तुम्ही दोन वर्षं इस्त्री करता करता शिकलात, म्हणून इस्त्री करतानाच आठवतं. चार ठिकाणी बोलत गेलात की सुटेल हळूहळू."

"किती हळूहळू?"

"काही महिने."

नात पाच दिवसांनी जाणार होती. काकूंनी डॉक्टरणीचे कोट तिच्या हातात कोंबले आणि तिला दारापर्यंत पोचवली.

त्यानंतर घरात जे इस्त्रीपर्व सुरू झालं, त्याला तोड नव्हती. बोलायचं तर इस्त्री हवी, इस्त्रीला कपडे हवेत. गिऱ्हाइकांचे चौथ्या दिवशी दुपारीच संपले. मग पडदे निघाले. मग उशांचे अभ्रे, टॉवेल, हातरुमाल, स्वयंपाकघरातली फडकी. काकांचे मोजे झाले, त्यांना उभी घडी पडली. काकू नातीशी आजीच्या मायेनं लाल टोपीबद्दल, चेंडूबद्दल आणि दुहेरी खोलीच्या भाड्याबद्दल बोलत होत्या, नात गठ्ठ्यावर मांडी घालून त्यांचे उच्चार सुधारत होती, आणि कपाट रिकामं होत होतं. पाचव्या दिवशी काकू समोरच्या घड्याळवाल्याकडे गेल्या आणि त्याच्या टेबलावरचा मळका कपडा ओढून घेऊन आल्या. तो नको म्हणत होता.

आणि नात जितकी जवळ यायला लागली, तितका काकूंचा जावयावरचा राग वाढायला लागला. एवढं चुणचुणीत पोर, आणि हिच्याशी बोलायला मला हॉटेलातली वाक्यं घोकावी लागतात? आपल्या भाषेत बोलता आलं असतं तर मी हिला काय काय सांगितलं असतं! माझ्या आईचं सांगितलं असतं, हिच्या आईच्या लहानपणचं सांगितलं असतं. ते सगळं सोडून मी हिला सांगतेय की नाश्ता सात ते दहा या वेळेत मिळेल. पाचव्या दिवशी दुपारी काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यांनी जावयाला दुकानात बोलावणं धाडलं. येताना तुझा कोट घेऊन ये म्हणावं, इस्त्री करून देते.

जावई आला. एकुलता एक लोकरी कोट, राखाडी, अस्तराचा. काकूंनी तो टेबलावर पालथा घातला, वर ओलं फडकं पसरलं, इस्त्री टेकवली. मूठ हातात बसताच सगळी वाक्यं रांगेत येऊन उभी राहिली. काकूंनी जावयाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "मला एक तक्रार नोंदवायची आहे."

जावई सावरून उभा राहिला.

"माझ्या नातीत माझी भाषा लागत नाही. कृपया त्वरित दुरुस्ती करून द्या."

काकूंच्या छातीत आग पेटली होती, नाकपुड्या फुलल्या होत्या, पण तोंडून येणारा आवाज त्या गोड बाईचा होता. लाडिक, हेलकावे खाणारा, विमानात सरबत देताना काढतात तसा. आपण गरजतोय असं काकूंना आतून वाटत होतं, आणि बाहेर मंजूळ स्वर पडत होते. जावयाला हा सासूबाईंचा लोभ वाटला. त्याचा चेहरा उजळला. त्यानं मान लववली, आणि मग तो बोलायला लागला.

हे काकूंच्या हिशेबातच नव्हतं. दोन वर्षं त्यांनी भांडणाची आपली बाजू तयार केली होती. समोरचा उत्तर देईल, ही शक्यता त्यांच्या डोक्यातच आली नव्हती, कारण त्यांच्या उभ्या आयुष्यात ते कधी घडलं नव्हतं. आणि धड्यांत सगळी माणसं फक्त "होय, अवश्य" एवढंच म्हणत. हा मात्र हात हलवून, भुवया उडवून, लांबच्या लांब काहीतरी सांगत सुटला होता. काकूंना त्यातले "मुलगी", "नेहमी" आणि "दुःख" एवढे तीन शब्द लागले.

"कृपया हळू बोला," काकू मंजूळपणे म्हणाल्या.

तो हळू बोलला. आता काकूंना कळलं नाही ते सावकाश कळलं नाही.

संताप असा असतो की तो बाहेर पडला नाही तर दुसरीकडून वाट काढतो. काकूंचा तो हातात उतरला. फडकं केव्हाच सुकून बाजूला सरकलं होतं, आणि इस्त्री कोटाच्या पाठीवर एकाच जागी, बरोबर मधोमध, दाबलेली होती. काकूंनी शेवटचं ठेवणीतलं वाक्य काढलं.

"मला व्यवस्थापकांशी बोलायचे आहे."

जावई थांबला. त्यानं विचार केला. मग फार अदबीनं, जरा ओशाळून, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. जळका वास आला म्हणून तिथून मुलगी धावत येत होती.

"आई, इस्त्री!"

काकूंनी इस्त्री उचलली. कोटाच्या पाठीवर तपकिरी, टोकदार, सुबक असा इस्त्रीचा ठसा उमटला होता. पस्तीस वर्षांच्या धंद्यात काकूंनी एक रुमाल जाळला नव्हता.

"हा काय म्हणतोय?" काकूंनी मुलीला विचारलं. इस्त्री हातात असूनही हे आपल्या भाषेत आलं, यावरून प्रसंग किती बिकट होता ते समजावं. "मी व्यवस्थापक मागितला तर तुझ्याकडे बोट का दाखवतोय?"

मुलीनं नवऱ्याला विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मुलीचा चेहरा उतरला.

"बरोबर बोट दाखवलंय त्यानं," ती म्हणाली. "तो बिचारा दोन वर्षं माझ्या मागे लागलाय, तिला तुझी भाषा शिकव म्हणून. मीच नाही म्हणते."

"तू?"

"मी."

"का म्हणून? लाज वाटते आपल्या भाषेची?"

"लाज नाही वाटत. भीती वाटते," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "त्याच्या भाषेत मला राग येतो ना, तर वाक्य जुळवेपर्यंत निम्मा उतरतो. दहा वर्षांत तिकडे मी एकदा ओरडलेली नाहीये. आपल्या भाषेत तसं होत नाही. तोंड उघडायचा अवकाश, सगळं तयारच असतं. ही दोन वर्षांची होती, दूध सांडलं म्हणून मी आपल्या भाषेत चार शब्द बोलले. आई, ते मी बोलत नव्हते. तू बोलत होतीस. शब्द तुझे, सूर तुझा. आणि ही कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तुझ्यापुढे उभी राहायचे ना, तशी. त्या दिवशी ठरवलं मी. मला नाही द्यायची तिला ही भाषा. माझ्याकडे त्या भाषेतलं दुसरं काही नाहीच आहे."

बोलता बोलता ती टिपेला पोचली होती. हात कमरेवर, मान पुढे, कपाळावरची शीर टचटचीत. काकांनी आतल्या दारातून बघितलं आणि त्यांना क्षणभर दोन काकू दिसल्या. ते परत आत गेले.

इतका वेळ तिथेच बसलेली नात गठ्ठ्यावरून उतरली. आईचं हे रूप तिनं कधी बघितलं नव्हतं. ती घाबरून इकडेतिकडे बघायला लागली आणि मग धावत जाऊन आजीच्या मागे लपली. आजीच्याच, कारण तिच्या दृष्टीनं या घरातलं सगळ्यात शांत, सगळ्यात गोड बोलणारं माणूस आजी होती. तिनं काकूंचे पाय धरले.

काकूंच्या घशाशी पुष्कळ काही आलं होतं. मी काय राक्षसीण आहे? एकटीनं दुकान चालवून तुला वाढवली, त्याचं हे फळ? मारलं कधी, उपाशी ठेवलं? सगळं तयार होतं, मुलगी म्हणाली तसंच, तोंड उघडायचा अवकाश. पण मागे ते एवढंसं पोर थरथरत होतं आणि हातात इस्त्री होती.

"कृपया हळू बोला," काकू आपल्या मुलीला म्हणाल्या.

त्या मंजूळ आवाजात. मुलीचे कमरेवरचे हात खाली आले. तिनं आईकडे बघितलं. उभ्या जन्मात आईच्या तोंडून तिला "कृपया" ऐकायला मिळालं नव्हतं, आणि ते ऐकायला दुसरी भाषा लागली. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. जावयाला काही कळलं नाही, तरी तोही हसला, कारण त्याचा स्वभावच तसा. काकूंना मात्र मुळीच हसू आलं नाही. त्यांना राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. जावयावर काढावा तर तो निर्दोष, मुलीवर काढावा तर ती म्हणणार, बघितलंस? आणि स्वतःवर राग काढायची त्यांना सवय नव्हती.

उरलेले तीन दिवस काकूंनी तोच घड्याळवाल्याचा कपडा पुन्हा पुन्हा इस्त्री केला आणि नातीशी बोलल्या. नात आता हवामान सोडून पुढे गेली होती. तिनं आजीला गोगलगाय, खपली आणि "मी नाही जा" हे शब्द शिकवले, जे एकशेवीस धड्यांत कुठेच नव्हते. निघताना जावयानं तोच कोट घातला. पाठीवर इस्त्री मिरवत तो टॅक्सीपर्यंत गेला, वळला, मान लववली आणि अगदी हळू, काकूंना कळेल असं म्हणाला, "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे." हा टोमणा होता की मनापासून, हे काकूंना आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि त्याचाही त्यांना राग येतो.

रविवारी फोन आला. काकूंनी तो टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि इस्त्री हातात घेतली. नात खुर्चीवरून घसरली नाही. वीस मिनिटं बोलली. मध्येच तिनं आपल्या भाषेत एक अख्खं वाक्य म्हटलं, "आजी, माझं दूध संपलं." काकूंची इस्त्री थबकली.

मुलगी मागून पडद्यात डोकावली. "शिकवतेय," ती म्हणाली. "पण मी शांत असते तेव्हाच. त्यामुळे फार हळू चाललंय."

"कृपया घाई करू नका," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी स्वतः जुळवलं होतं.

फोन बंद झाला. काका आतल्या दाराशी खुर्चीवर बसून हातातली चिठ्ठी उलटसुलट करत होते. बराच वेळ त्यांचं काहीतरी बोलायचं चाललं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं. काकूंनी बघितलं.

"काय आहे?"

"नाही, म्हटलं," काका चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "माझ्याशीसुद्धा त्याच भाषेत बोलत जाशील का? मला एक अक्षर नाही कळलं तरी चालेल."

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. त्यानंतर त्या जे बोलल्या ते आपल्या भाषेत बोलल्या, आणि समोरच्या घड्याळवाल्यालाही दार लावलेलं असताना त्यातला शब्दन् शब्द कळला.